आडवी वावटळ

शहापुरात मला ‘विमानवाले जाधव’ म्हणतात. आमच्या आळीत जाधव बरेच, त्यामुळे ओळखीसाठी काहीतरी जोडावं लागतं. पण विमानवाले म्हणजे नेमकं काय करणारे, हे विचारायच्या फंदात सहसा कुणी पडलं नाही. निम्म्या लोकांना मी पायलट वाटायचो, उरलेल्यांना तिकिटं काढून देणारा. एका साखरपुड्यात मुलीच्या मामांनी विचारलं होतं, “तुमी झेंडी दाखवता ना विमानाला?” मी हो म्हटलं. खरं सांगायला बसलो असतो तर पानावरचा भात गार झाला असता.

आता निवृत्त झालोय. वेळ आहे, तर सांगून टाकतो.

मी हवाई वाहतूक नियंत्रक होतो. विमानतळावरचा काचेचा उंच मनोरा लोकांना माहीत असतो. मी त्यात नव्हतो. मी होतो एका बिनखिडकीच्या खोलीत, रडारच्या पडद्यासमोर, कानाला हेडफोन लावून. नोकरीच्या एवढ्या वर्षांत खिडकीतून उतरतं विमान मी क्वचितच पाहिलं. पडद्यावर विमान म्हणजे एक छोटी खूण. तिच्या शेजारी त्याचं नाव, उंची आणि वेग. अशा खुणा मुंबईकडे सगळ्या बाजूंनी यायच्या. त्या घ्यायच्या, एकीमागे एक लावायच्या, हळूहळू खाली आणायच्या आणि शेवटी मनोऱ्याच्या हवाली करायच्या. जत्रेत दर्शनाची रांग लावणारा असतो ना, तसंच काम. फरक एवढाच की आमच्या रांगेतल्या कुणालाही थांबता येत नाही.

पूर्वेकडून येणारी विमानं आमच्याच तालुक्यावरून उतरतात. घाट ओलांडला की डोळखांबचं रान, मग शहापूर, मुरबाड. पडद्यावर ना रान दिसायचं ना गाव, नुसत्या रेषा. पण माझ्या डोक्यात गावंच असायची. शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी बिहारचा होता. “जाधवजी, ये कहाँ पहुँचा?” असं त्यानं विचारलं की मी म्हणायचो, “किन्हवली.” त्याला किन्हवली कुठे आहे ते अजूनही माहीत नसेल, पण विमान बरोबर कुठे आहे ते त्याला समजायचं.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे पायलट. तोंड कधी दिसत नाही, नुसता आवाज. वर्षानुवर्षं रोज बोललेला माणूस रस्त्यात धक्का मारून गेला तरी ओळखू येणार नाही. एक ज्येष्ठ कॅप्टन होते, वेग कमी करा म्हटलं की दर वेळी विचारायचे, “का बरं?” गर्दी आहे म्हटलं की म्हणायचे, “रोजच असते.” दुसऱ्या एका पायलट बाई इतक्या हळू बोलायच्या की त्या बोलू लागल्या की आम्ही खोलीतल्या इतरांना हात करून गप्प करायचो. रागावणारे होते, गमत्ये होते. पण अडचण आली की सगळ्यांचा आवाज एकसारखा होतो. सपाट. आवाज सपाट झाला की आम्ही सरळ बसायचो.

आता मुद्द्याचं. विमान हवेतून जातं तेव्हा मागे हवा तशीच सोडत नाही, ढवळून सोडतं. पंखाखालची दाबलेली हवा पंखाच्या टोकावरून वर यायला बघते आणि तिथे तिला पीळ बसतो. दोन टोकांना दोन पीळ. उन्हाळ्यात मोकळ्या शेतात वावटळ उठते ती उभी असते. तशा दोन वावटळी आडव्या पाडा आणि विमानाच्या मागे दोरासारख्या सोडून द्या, म्हणजे झालं. विमान जेवढं जड, तेवढा पीळ घट्ट. हे पीळ दिसत नाहीत, हळूहळू खाली बसत जातात आणि विरतात. वारा असेल तर लवकर मोडतात. हवा पडलेली असेल तर रेंगाळतात. मागून येणारं लहान विमान त्यात शिरलं तर एकदम एका अंगावर कलंडतं.

म्हणून अंतराचा नियम. मोठ्या विमानामागे मध्यम विमान असेल तर पाच सागरी मैल ठेवायचे, म्हणजे साधारण शहापूर ते वासिंद. रस्त्याला हे अंतर बरंच वाटतं. विमान ते जेमतेम सव्वा मिनिटात कापतं.

नियम पाळूनही अधूनमधून एखादा पायलट सांगायचा, “थोडं हललं.” एका छोट्या खाजगी विमानाचा पायलट एकदा म्हणाला होता, “माझी कॉफी शेजाऱ्याच्या मांडीवर गेली, आणि शेजारी बॉस बसलेत.” आम्ही हसलो होतो. असलं हलणं आम्ही रोजच्या कामात धरायचो. रस्ता आहे तर खड्डा असायचाच, इतकंच.

ती जानेवारीतली सकाळ होती. हवा अगदी पडलेली. परदेशातून पूर्वेकडून आलेलं एक मोठं विमान खाली येत होतं, आणि त्याच्या मागे नागपूरहून आलेलं मध्यम आकाराचं. दोघांत नियमापेक्षा थोडं जास्तच अंतर होतं. मागच्याला ‘पुढे मोठं विमान आहे’ हे मी सांगितलं होतं, तेही नियमाप्रमाणे. दोन्ही विमानं दहा हजार फुटांच्या आसपास होती. मागचं मुरबाडच्या अलीकडे आलं आणि त्याची उंची पडद्यावर अचानक भलतीच दिसू लागली. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक मारायला बटण दाबणार, तेवढ्यात पायलटचा आवाज आला. सपाट.

आमचं बोलणं इंग्रजीत होतं, इथे मराठीत सांगतो. तो म्हणाला, “पुढच्याच्या वाऱ्यात सापडलो. डावीकडे जोरात कलंडलो होतो. आता विमान ताब्यात आहे.”

मी विचारलं, “मदत हवी आहे?”

“थांबा.” थोडा वेळ गेला. मग, “मागे दोन कर्मचारी पडलेत. एकीला उठता येत नाहीये. लवकर उतरायचंय. रुग्णवाहिका तयार ठेवा.”

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवतं, कारण पुढे ते ध्वनिमुद्रण मला अनेकदा ऐकावं लागलं. पुढच्या मोठ्या विमानाला उजवीकडे वळायला सांगितलं आणि रांगेतून बाहेर काढलं. त्याच्या पायलटनं विचारलं, “कारण कळेल का?” मी म्हटलं, “तुमच्या मागच्या विमानात जखमी माणूस आहे, त्याला पुढे सोडतोय.” तुमच्याच वाऱ्यानं ते कलंडलं, हे मी म्हटलं नाही. त्यात त्याचा काय दोष? तो म्हणाला, “त्यांना आधी जाऊ द्या.” मग त्याच्याही पुढची विमानं बाजूला घेतली, मागून येणाऱ्या काहींना घाटाच्या पलीकडेच फिरत राहायला सांगितलं. नागपूरच्या विमानाला सरळ धावपट्टीची वाट दिली. ते उतरलं. प्रवासी सगळे पट्टे लावून बसलेले होते, कुणाला काही झालं नाही. उतरण्यापूर्वी सगळं नीट आहे ना हे बघत उभ्या असलेल्या दोघी पडल्या होत्या. एकीला मुका मार. दुसरीच्या पायाच्या घोट्याचे तुकडे.

आमच्याकडे असं काही झालं की, चूक असो वा नसो, खुर्चीवरच्या माणसाला उठवतात. मलाही उठवलं. मग चौकशी. रडारची नोंद, ध्वनिमुद्रण, जाबजबाब. काही आठवड्यांनी मला सांगितलं गेलं, “जाधव, अंतर बरोबर होतं, सूचना बरोबर होती. तुमचं काही चुकलेलं नाही.”

घरच्यांनी पेढे आणले. मी माझा पेढा परत खोक्यात ठेवला. चूक निघाली असती तर मी ती सुधारली असती. अंतर कमी पडलं असतं, शब्द राहिला असता, तर उद्यापासून ते करायचं नाही हे ठरवता आलं असतं. आता काय सुधारू? मी सगळं बरोबर केलं होतं आणि एका मुलीचा पाय मोडला होता. उद्या पुन्हा सगळं बरोबर करायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

खुर्चीवर परत बसलो, पण पहिल्यासारखा नाही. मोठं विमान पुढे असलं की मी मागच्याला लांब ठेवायला बघायचो. मागच्याचा वेग कमी कर, अजून कमी कर, एक वळसा घालायला लाव. अंतर वाढत जायचं. आमच्या पाळीच्या प्रमुख कुलकर्णी मॅडम काही दिवस हे बघत होत्या. मग एकदा चहाला बाहेर घेऊन गेल्या.

“जाधव, तुमच्या रांगेत मध्ये अजून एक विमान बसेल एवढी जागा असते.”

“मॅडम, जास्त अंतर कधी धोक्याचं नसतं.”

“तुमच्या पडद्यावर नसतं. ती जागा येते कुठून? मागच्यांना मला नाशिककडे फिरवत ठेवावं लागतं. त्यांचं इंधन जळतं, तिकडे गर्दी होते. धोका गेला नाही. तुमच्या पडद्यावरून दुसऱ्याच्या पडद्यावर गेला.” मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या, “तुम्हाला काम बदलून हवंय का? त्यात कमीपणा नाही. पण असं अर्धंमुर्धं नका बसू.”

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

त्या आठवड्याच्या सुट्टीत शहापुरात केस कापायला बसलो होतो. न्हावी म्हणाला, “तुमच्या विमानात आपल्या मुरबाडकडची पोरगी पडली म्हनं. सरळगावच्या अंगाला राहतात. पाय मोडून घरात बसलीय.”

जखमी मुलीचं नाव मी कागदोपत्री वाचलं होतं, अश्विनी. गाव वाचलं नव्हतं. ती ज्या आभाळात पडली त्याच्या खालीच तिचं घर होतं. चौकशी संपली होती, तिला भेटायला आडकाठी नव्हती. तरी मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, “जा. पण तिला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. जे झालं तेवढंच सांगा.”

मोटारसायकल काढली आणि किन्हवलीवरून सरळगावच्या रस्त्याला लागलो. मार्च लागला होता, वालाची काढणी झालेली, शेतं उघडी पडली होती. घर विचारत गेलो. अंगणात एक माझ्याच वयाचे गृहस्थ कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी ठोकत होते. ते तिचे वडील, बाळारामदादा. शेती, जोडीला थोडं कोंबडीपालन. मी कोण ते सांगितलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

“कंपनीचं का?”

“नाही. मी विमानाला रस्ता सांगणारा. त्या दिवशी तुमच्या मुलीचं विमान माझ्याकडे होतं.”

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. “म्हंजे तुमच्यामुळं?”

आतून आवाज आला, “बाबा, आत तरी येऊ द्या त्यांना.”

अश्विनी पलंगावर पाय लांब करून बसली होती. पायाला प्लास्टर, शेजारी कुबड्या. सत्ताविशीची असेल. तिच्या आईनं चहा आणून ठेवला. बाळारामदादा दारातच उभे राहिले.

“कंपनीची मानसं आली, फुलं दिली, गेली,” ते म्हणाले. “काय झालं ते कोन सांगत नाय. वाऱ्यानं झालं म्हनत्यात. वारा तर त्या दिवशी नव्हताच.”

“वारा नव्हता म्हणूनच झालं,” मी म्हटलं. आणि वर तुम्हाला पिळाचं जे सांगितलं तेच त्यांना सांगितलं. वावटळ म्हटल्यावर ते पुढे येऊन खुर्चीवर बसले.

“वावटळ दिसते तरी,” ते म्हणाले. “पाला फिरतो, मानूस बाजूला व्हतो. तुमची दिसत नाय.”

“नाही दिसत. म्हणून अंतर ठेवतात.”

“तुमी ठेवलं व्हतं?”

“ठेवलं होतं. नियमापेक्षा थोडं जास्तच.”

“मंग माझ्या पोरीचा पाय का मोडला?”

याचं उत्तर शोधत मी दोन महिने काढले होते. मी म्हटलं, “दादा, नियमाचं अंतर बहुतेक वेळा पुरतं. त्या दिवशी नाही पुरलं. याच्यापुढे मला काही सांगता येत नाही.”

अश्विनी इतका वेळ माझ्याकडे पाहत होती. तिनं विचारलं, “सर, मी ओरडले ते तुम्हाला ऐकू आलं का?”

“नाही. मला फक्त पायलट ऐकू येतो.”

“मी छताला आपटले आणि खाली आले, ते थेट ट्रॉलीवर. ट्रॉली जागेवर अडकवायची कडी मी लावली होती की नाही, तेच आठवत नाही. रोज लावते. त्या दिवशीचं आठवत नाही.”

“त्याबद्दल मला काही माहीत नाही,” मी म्हटलं. ती लावली असणारच, असं म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

तिनं मान हलवली. “नंतर मी जमिनीवर पडून होते. पाय उलट्या बाजूला वळलेला दिसत होता. वाटत होतं, हे विमान उतरत का नाही? मुद्दाम फिरवतायत की काय? किती वेळ लागला हो?”

“अश्विनी, त्या सकाळी तुमच्याइतकं झटपट कुणी उतरलं नाही.” मग मी तिला सांगितलं. पुढच्या मोठ्या विमानाला बाजूला कसं काढलं, त्याचा पायलट काय म्हणाला, त्याच्या पुढची कशी हलवली, घाटापलीकडे कोण कोण थांबलं. ज्यांना थांबवलं त्यांतल्या एकानंही कुरकुर केली नाही. नेहमी ‘का बरं’ विचारणारे कॅप्टनसुद्धा त्या दिवशी रांगेत होते. ते फक्त “ठीक आहे” म्हणाले होते.

ती ऐकत होती. “मला हे कुणी सांगितलंच नाही,” ती म्हणाली आणि रडायला लागली. तिची आई तिच्याजवळ जाऊन बसली. “रडू नको गो,” म्हणत स्वतःच पदर डोळ्याला लावत होती. मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो.

जरा वेळानं अश्विनीनं तोंड पुसलं आणि विचारलं, “तुम्ही परत कामावर बसलात?”

“बसलो. पण हात सैल सुटत नाही. मोठं विमान दिसलं की मागच्याला लांबच ठेवतो. मॅडम म्हणतात, काम बदला.”

“म्हणजे आम्हाला वर ताटकळत ठेवणारे तुम्हीच का!” ती चक्क हसली. “सर, आम्ही जास्त वेळ वर राहिलो की जास्त वेळ उभ्या राहतो. पोरं रडतात, कुणाला उलटी होते, कुणी उठून टॉयलेटला निघतो, त्याला बसवायला आम्हालाच जावं लागतं. तुम्ही लवकर उतरवा. आम्ही लवकर बसू.”

मॅडमनी इंधन आणि गर्दी सांगितली होती, ते डोक्याला पटलं होतं. पण माझ्या पडद्यावर ‘थोडं मागे’ ठेवलेल्या खुणेत कुणीतरी उभं असतं, हे मी धरलंच नव्हतं.

निघताना बाळारामदादा रस्त्यापर्यंत आले. म्हणाले, “आलात, बरं केलंत. पन माझं समाधान नाय झालं.”

“माझंही नाही झालं, दादा.”

“मंग ठीक,” ते म्हणाले, आणि मोटारसायकलीमागे कोंबडीची अंडी बांधून दिली. नको म्हणायची सोय नव्हती.

मी काम बदलून घेतलं नाही. सुरुवातीचे काही दिवस मॅडम माझ्या मागे खुर्ची टाकून बसायच्या. अंतर हळूहळू नियमावर आलं. एक सवय मात्र मी लावून घेतली ती शेवटपर्यंत. हवा पडलेली असली की मागच्या पायलटला नुसतं ‘पुढे मोठं विमान आहे’ म्हणून थांबायचो नाही. हवा स्थिर आहे, तुमची माणसं आत्ताच बसवून घ्या, एवढं जास्तीचं बोलायचो. नियमाच्या पुस्तकात ते वाक्य नाही. काही पायलट आभार मानायचे, काहींना ती फुकटची बडबड वाटायची. त्याचा उपयोग कितपत झाला ते मला कधीच कळणार नाही. आमच्या धंद्यात न झालेल्या गोष्टीची नोंद कुठे होत नाही.

अश्विनीच्या पायात धातूची पट्टी घातली. पावसाळाभर ती मुरबाडला व्यायामाला जात होती. कंपनीनं जमिनीवरचं काम देऊ केलं. वडिलांचाही तोच हट्ट होता. “आभाळात काय ठेवलंय?” म्हणून त्यांनी चार दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. आता ती नव्या मुलींना शिकवते आणि अधूनमधून उडतेही. ट्रॉलीची कडी एकमेकींकडून तपासून घ्यायला लावते म्हणे. स्वतःची त्या दिवशीची कडी तिला अजून आठवलेली नाही.

बरी झाल्यावर तिचा पहिला फेरा ठरला तेव्हा तिनं मला फोन केला. नागपूरच. संध्याकाळचं परतीचं विमान. मी कामावर आहे का, एवढंच विचारलं. मी होतो.

त्या संध्याकाळी ती खूण घाटाच्या अलीकडे आली. पायलटनं हजेरी दिली, मी उंची दिली. बाकी काही बोलायची आम्हाला मुभा नसते. तिच्यापुढे पुन्हा मोठं विमान होतं. बिहारच्या सहकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, त्याला सगळं ठाऊक होतं. मी नियमाचं अंतर ठेवलं. हवा कशी आहे ते सांगितलं, माणसं बसवा म्हणून सांगितलं. मग डोळखांब गेलं. शहापूर गेलं. मुरबाडजवळ उंचीचा आकडा जसा उतरायला हवा तसा उतरत राहिला. पुढे मी ते विमान मनोऱ्याच्या हवाली केलं आणि पुढच्याला उत्तर दिलं.

पाळी संपल्यावर फोन उघडला तर तिचा फोन येऊन गेला होता. मी लावला. ती घरी निघाली होती, गाडीत होती.

“सर, नीट उतरलो. पण खरं सांगू? घाट संपल्यापासून मी डोळे घट्ट मिटून बसले होते. गाव कधी गेलं कळलंसुद्धा नाही.”

“असू दे,” मी म्हटलं. “मी बघत होतो.”